पुस्तकातलं बाळ आणि आपलं बाळ

गेल्या वेळी आपण गटाच्या कर्जाच्या वहीबद्दल बोललो. आज पैशाचा विषय नाही. आज आम्ही आमच्या एका चुकीबद्दल सांगणार आहोत, आणि त्या चुकीमुळे जे शिकलो त्याबद्दल. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या.

गेल्या वर्षी भाताची लावणी सुरू व्हायच्या आधी आमच्या गावात समाजमंदिरात दोन दिवसांचं आरोग्य प्रशिक्षण झालं. बावीस जणी होतो. प्रशिक्षक ताई मन लावून शिकवत होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्याकडे चित्रांचा मोठा तक्ता होता. एका चित्रात गुलाबी गोरंपान बाळ, शेजारच्या चित्रात तेच बाळ हळदीसारखं पिवळं. "असं दिसलं की कावीळ समजायची," ताई म्हणाल्या. आम्ही वहीत लिहून घेतलं. ठाकरवाडीच्या सहा जणी दाराजवळ मागे बसल्या होत्या. त्यांनी काही लिहिलं नाही आणि आम्हीही त्यांना पुढे बोलावलं नाही.

पुढे पंधरा दिवसांत त्या सहा जणींपैकी एक बाळंत झाली. पहिलटकरीण, वीस वर्षांची. चौथ्या दिवशी आम्ही तिघी बाळंतविडा घेऊन तिच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस, घरात एक पिवळा बल्ब. ती म्हणाली, "ताई, पोर मऊ पडलंय. ओढत नाही, नुसतं निजतंय." आम्ही बाळाकडे पाहिलं. बाळ सावळं होतं, आईसारखं. तक्त्यातल्यासारखं पिवळं काही दिसेना. आम्ही शिकलेल्या ना! "काही नाही, सकाळी कोवळ्या उन्हात धर," असं सांगून आम्ही घरी आलो.

सकाळी बाळाच्या आजीने त्याला उंबऱ्यावर उजेडात आणलं. डोळ्याची पापणी वर केली, तर पांढरं बुबुळाभोवतीचं सगळं पिवळं. तळपाय बघितले, तेही पिवळे. आजीने कुणाला विचारलं नाही. आशाताईंना उठवलं, गाडी बोलावली आणि बाळाला घेऊन गेली. बाळ पाच दिवस निळ्या दिव्याखाली होतं. डॉक्टरांनी सांगितलं, कावीळ फार चढली की मेंदूला इजा होते, कानही जातात. अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. बाळ आता वर्षाचं आहे. कानाची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा ठीक आली.

आजी परत आली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "तुमच्या कागदावरचं ते बाळ कुणाचं होतं गं?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाने आम्हाला झोप लागली नाही. खरंच, ते बाळ कुणाचं होतं? आमच्या वाडीचं नव्हतं. आमच्या गावातल्या कुणाचंच नव्हतं.

मग आम्ही आमच्या तालुक्याच्या डॉक्टर ताईंकडे गेलो, वाचनालयात बसलो, मोबाईलवर वाचलं, एकमेकींना समजावलं. तेव्हा कळलं की ही आमच्या एका तक्त्याची गोष्ट नाही. डॉक्टर आणि नर्सबाई ज्या पुस्तकांतून शिकतात, त्यांतली कितीतरी चित्रं गोऱ्या कातडीचीच असतात. अंगावर पुरळ आलं की ते "लाल" दिसतं, श्वास कमी पडला की ओठ "निळे" होतात, रक्त कमी झालं की माणूस "पांढरा" पडतो, असं लिहिलेलं असतं. गोऱ्या अंगावर ते तसं दिसतं. सावळ्या, काळ्या अंगावर तेच पुरळ जांभळट किंवा करडं दिसू शकतं, आणि पुष्कळदा डोळ्यापेक्षा हातालाच आधी कळतं.

लंडनमध्ये सेंट जॉर्जेस नावाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मलोन मुक्वेंडे नावाचा एक काळा विद्यार्थी शिकत होता. वर्गात लक्षणं शिकवली की तो विचारायचा, हे माझ्यासारख्या कातडीवर कसं दिसतं? पुस्तकात उत्तर नव्हतं. मग त्याने आपल्या दोन शिक्षकांना बरोबर घेऊन काळ्या आणि तपकिरी कातडीवरची लक्षणं दाखवणारी पुस्तिकाच तयार केली. ती २०२० साली आली. तेव्हा तो अजून विद्यार्थीच होता. पुढच्याच वर्षी नायजेरियातल्या चिदिएबेरे इबे नावाच्या तरुणाने काढलेलं पोटातल्या काळ्या बाळाचं चित्र जगभर पोचलं. कितीतरी लोकांनी म्हटलं, असं चित्र आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

करोनाच्या वेळी आपल्यापैकी पुष्कळ गटांनी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेतलं होतं. आठवतंय ना? ते यंत्र बोटातून उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. कातडी गडद असली की त्याचा आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त येतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये छापून आला. यंत्राचा आकडा चांगला, पण रक्तात ऑक्सिजन कमी, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. म्हणून यंत्र फेकून द्यायचं नाही. पण माणूस धापा टाकत असेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर "आकडा बरा आहे" म्हणून घरी बसायचं नाही.

आता कामाची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. सावळ्या अंगावर कुठे बघायचं?

बाळाची कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात, दाराशी. पिवळ्या बल्बखाली कधीच नाही. डोळ्यातला पांढरा भाग बघा, हिरड्या बघा, तळहात-तळपाय बघा. नाकाच्या शेंड्यावर किंवा छातीवर बोटाने हलकं दाबून सोडा, त्या क्षणी खालचा रंग दिसतो. कावीळ तोंडाकडून खाली उतरत जाते, म्हणून तळपाय पिवळे दिसले तर ती फार झाली असं समजा. जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं तर लगेच दवाखाना. बाळ ओढत नसेल, उठवून उठत नसेल, मऊ पडलं असेल, किंवा वेगळ्याच कर्कश आवाजात रडत असेल, तर रंग दिसो न दिसो, दवाखाना. कोवळं ऊन हा कावीळीवरचा इलाज नाही. आम्ही तो सांगितला होता, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

रक्त कमी आहे का ते बघायला चेहरा बघू नका. खालची पापणी ओढून आतला भाग बघा, जीभ बघा, तळहात बघा. श्वास कमी पडतोय का ते बघायला ओठांच्या आतली बाजू आणि जीभ बघा. आणि शंका असेल तर रक्ताची तपासणी मागा.

आता दुसरी गोष्ट, वजनाची. आमच्या गटातल्या एका मावशींना साखरेचा आजार निघाला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "इतक्या बारीक बाईला साखर कशी?" लठ्ठ माणसालाच साखर होते असं आपल्या मनात बसलंय. ते बसलं कुठून? उंची आणि वजन यांवरून एक आकडा काढतात. तो पंचवीसच्या वर गेला तर वजन जास्त, असं पुस्तकात असायचं. तो आकडा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या माणसांवरून ठरलेला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलं. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉक्टर युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही उंची-वजनाचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून दोघेही बारीक, पण आतला हिशोब वेगळा.

याची मुळं कुठे आहेत ते शोधायला याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयाबायांचा आणि बाळांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या आपल्यासारख्याच बाया. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हात-पाय बारीक, मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने जपलेली. म्हणजे आई उपाशी राहिली, राबली, तर त्याचा परिणाम पोर मोठं झाल्यावरही दिसू शकतो. आज भारतातल्या डॉक्टरांनी आपल्यासाठी वेगळे आकडे मानलेत: २३ च्या वर गेलं की सावध व्हायचं. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाचा ९० च्या आत.

कमरेचा घेर मोजायला शिलाईचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडून मोजायचं. आमच्या गटात आता वर्षातून दोनदा मोजतो. आणि मावशींकडे बघून कुणी "बारीक आहेस, तुला काय होतंय" म्हणत नाही.

तिसरी गोष्ट बाईच्या छातीची. हार्ट ॲटॅक म्हटलं की आपल्याला सिनेमातला पुरुष आठवतो, छाती धरून खाली पडलेला. छातीत दुखणं हे बाईतही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहेच. पण बायकांमध्ये त्याच्याबरोबर किंवा कधी त्याच्याशिवाय दम लागणं, मळमळ, घाम, पाठ-मान-जबडा दुखणं, अचानक अंगातलं बळ गेल्यासारखं थकणं हेही पुष्कळदा असतं. हृदयाच्या आजारावरचं संशोधन बरीच वर्षं मुख्यतः पुरुषांवर झालं, आणि शिकवलंही तेच गेलं. म्हणून बाईने असं सांगितलं की "पित्त झालंय, उन्हात काम केलंय" असं म्हणून सोडून देतात. आणि मैत्रिणींनो, आधी सोडून देणारे आपणच असतो. भाकरी टाकून झाल्यावर बघू, म्हणतो.

चौथी गोष्ट भाषेची, आणि ही आम्हाला सगळ्यात जास्त लागली. त्या प्रशिक्षणात ताईंनी वाचलं, "श्वेतप्रदर, गर्भाशयभ्रंश, निर्जलीकरण." आमच्यातल्या एक-दोघी बीए झालेल्या, आम्हालाही अर्धं कळलं. मागच्या सहा जणींना काहीच नाही. तेच "अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, अंगातलं पाणी कमी होणं" असं म्हटलं असतं तर बावीसच्या बावीस जणी बोलल्या असत्या. आणि पांढरं जाण्याबद्दल तर सगळ्यात आधी बोलल्या असत्या!

आपल्याच महाराष्ट्रात हे वेगळ्या पद्धतीने करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच शिकवलं जाई. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावरचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. म्हणजे आजार घरोघर होता. त्याबद्दल विचारायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

त्याच गडचिरोलीत लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या सुईणींना शिकवायचं होतं. मुलाचा श्वास एका मिनिटात किती, हे मोजायचं. पण पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल तर? "या अडाणी, यांना जमणार नाही" असं म्हणून विषय सोडता आला असता. डॉक्टरांनी साधन बदललं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले ते बघायचं. सुईणींना ते जमलं. पुढे तिथल्याच गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा ३९ गावांत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्या कामाची पायवाट तिथे पडली.

त्याहून आधी, १९७० साली, जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, आणि पुढे गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही दलित वस्तीतल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला जमायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, आणि आपल्या गावात काय घडलं ते सांगायच्या. त्यातूनच धडा तयार व्हायचा. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या समाजमंदिराची सतरंजी आठवली. त्या दिवशी पुस्तक चुकलं हे खरं. पण सहा जणी दाराजवळ बसल्या होत्या, ते पुस्तकाने सांगितलं नव्हतं. ते आम्ही केलं. त्या पोरीने "पोर मऊ पडलंय" म्हणून अगदी नेमकं लक्षण सांगितलं होतं. आम्ही तिचं ऐकलं नाही, तक्ता आठवत बसलो.

कुणी म्हणेल, मोठमोठ्या पुस्तकांत आपण खेड्यातल्या बाया काय बदल करणार? पण पुस्तकं बदलतात. अत्याचार झालेल्या बाईची "दोन बोटांची तपासणी" वर्षानुवर्षं शिकवली आणि केली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या तपासणीला शास्त्राचा काहीही आधार नाही, ती करू नये, आणि वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रमही त्या दृष्टीने तपासावा. सिकलसेल हा रक्ताचा आजार नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. जुलै २०२३ मध्ये त्यासाठी देशपातळीवर मोहीम सुरू झाली. आणि आता डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना शिकतानाच गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जावं लागतं. तुमच्या गावात अशी मुलं-मुली आली तर त्यांना नुसता चहा देऊन पाठवू नका. त्यांना आपले शब्द सांगा. बाळाच्या पायाचा तळवा दाखवा. त्यांचं अर्धं शिक्षण आपल्या ओसरीवर आहे.

आम्ही आमच्या गटात काय ठरवलं ते सांगतो. कुठलंही आरोग्य प्रशिक्षण असलं की आम्ही चार प्रश्न विचारतो. हे चित्र आमच्यासारख्या अंगावर कसं दिसेल? हा आकडा कुणाला मोजून ठरवलाय, आम्हाला लागू आहे का? हेच बाईमध्ये वेगळं दिसतं का? आणि याला आमच्याकडे काय म्हणतात? पहिल्यांदा विचारलं तेव्हा प्रशिक्षक ताई थोड्या गडबडल्या. दुसऱ्या वेळी त्या आमच्याच तालुक्यातल्या सावळ्या बाळांचे फोटो, आईबापांना विचारून काढलेले, घेऊन आल्या.

पुढचं प्रशिक्षण आम्ही समाजमंदिरात ठेवलं नाही, ठाकरवाडीत ठेवलं. तिथे आम्ही दाराजवळ बसलो. आमच्यातल्या एका ताईंना ऐकू येत नाही, त्या पहिल्यांदाच पुढे बसल्या, कारण सगळं हाताने करून दाखवायचं ठरलं होतं. बाळाची पापणी कशी वर करायची, उजेड कुठून घ्यायचा, ते दाखवलं त्या आजीने. प्रशिक्षक ताईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

ती पोर, बाळाची आई, आता गटाची सभासद आहे. तिने अजून आम्हाला त्या संध्याकाळबद्दल काही म्हटलेलं नाही. आम्ही तिची माफी मागितली, ती हसली आणि बाळाला आमच्या मांडीवर दिलं. बाळ खुळखुळ्याच्या आवाजाकडे मान वळवतं. प्रत्येक वेळी ते वळतं का, हे आम्ही अजून बघतो.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. आजारांना तुमच्या वाडीत, तुमच्या बोलीत जे शब्द आहेत ते एका कागदावर लिहा, आणि तो कागद उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आणि आशाताईंना द्या. लिहिताना दाराजवळ बसलेलीला आधी विचारा.

पुढच्या वेळी गटाच्या विम्याबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, स्वतःचीही. नमस्कार.